काच हातात असताना

काचवाल्याच्या पायाला भिंगरी लागली होती. बायको गेल्यापासून माणूस एका जागी ठरत नव्हता. सकाळी दुकान उघडायचा, काच कापायची हिरकणी हातात घ्यायचा, टेबलावरच्या काचेवर पट्टी ठेवायचा आणि रेघ मारायच्या आधीच बाहेर येऊन रस्त्याकडे बघत उभा राहायचा. येणार कोणी नसायचं. मग आत. मग परत बाहेर. समोरचा शिंपी एकदा म्हणाला, "अहो, फेऱ्याच मारायच्या असतील तर माझे शिवलेले कपडे तरी हातावर घ्या. वाटेत गिऱ्हाइकांना देऊन या." काचवाला हसला. हसून झाल्यावर पुन्हा आत गेला, पुन्हा बाहेर आला.

घरीही तेच. लेक नोकरीवर जाताना डबा भरता भरता म्हणायची, "बाबा, बसा ना जरा. तुमच्याकडं बघून मला दम लागतो."

"बसलोय की."

"याला बसणं म्हणतात? खुर्चीच्या कडेला टेकलाय नुसते. गाडी सुटणार असल्यासारखे."

रविवारी चर्चमध्ये तर फारच पंचाईत. तिथे उठून फेऱ्या मारता येत नाहीत. त्यांचा बाक ठरलेला होता. खिडकीशी बायको, तिच्या शेजारी तो, मग लेक, पलीकडे धाकटा भाऊ आणि भावजय. आता खिडकीशी तो बसायचा. ती खिडकी उंच, एका अखंड काचेची, आणि काच कधीची तडकलेली. चिरेतून वारा यायचा तो थेट मानेवर. बायको म्हणायची, "काचवाल्याची बायको मी, आणि देवाच्या घरात वारा लागायचा तो मलाच!" तो म्हणायचा, "या महिन्यात बसवतो." महिने गेले. शेवटी तिनं चिरेत रुमालाची घडी कोंबली. ती घडी अजून तिथेच होती. वारा तिच्या बाजूनं यायचाच.

पण वाऱ्याचं एवढं काही नव्हतं. खरी अडचण प्रार्थनेची होती. प्रभूनं शिकवलेली प्रार्थना सगळे मिळून म्हणायचे, तोही म्हणायचा. मात्र आम्ही जशी दुसऱ्यांना क्षमा केली तशी तू आम्हाला कर, असं जिथे म्हणायचं असतं, तिथे त्याचं तोंड आपोआप मिटायचं. सगळे पुढे जायचे, तो मागे राहायचा. आणि प्रभुभोजनाचं ताट बाकावरून हातोहात आलं की तो ते घ्यायचा आणि भाकरीला न शिवता मागच्या बाकावर द्यायचा. मनात सख्ख्या भावाबद्दल विष आणि हातात प्रभूची भाकर, हे त्याला जमत नव्हतं. माणूस हट्टी होता, पण खोटा नव्हता.

धाकटा आता दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसायचा. आशीर्वाद झाला की सगळ्यांच्या आधी बाहेर.

भांडण कशावरून झालं हे सगळ्या चर्चला ठाऊक होतं. दोघं भाऊ मिळून काम करायचे. मोठी काच हे एकट्याचं काम नाही. दोघांनी दोन टोकांना धरायची, एकानं पावलं बोलायची, डावा, उजवा, पायरी, आणि दोघांनी मिळून टाकायची. पावलं नेहमी थोरला बोलायचा. आणि त्याचा एक नियम होता: काच हातात असताना पावलांखेरीज तोंडातून शब्द काढायचा नाही. नियमाला कारण घडलं होतं. धाकट्याला नुकती मिसरूड फुटत होती तेव्हा काच नेता नेता तो मागून म्हणाला होता, "दादा, तुझी पँट मागं उसवलीय." थोरल्याला हसू फुटलं, हात सुटला आणि काचेनं त्याचा हात मनगटापासून कोपरापर्यंत फाडला. टाके घालून आल्यावर त्यानं धाकट्याला एक ठेवून दिली आणि बजावलं, "काच हातात असताना घर पेटलं तरी बोलायचं नाही. आधी काच टेकवायची, मग बोंबलायचं." धाकट्यानं कानाला खडा लावला तो कायमचा.

मग तो दिवस आला. कापडाच्या एका मोठ्या दुकानाची दर्शनी काच बसवत होते. थोरला उंच फळीवर उभा राहून काचेला चिकटणाऱ्या रबरी पंजांनी काच चौकटीत दाबून धरत होता, धाकटा काच अडकवायच्या लाकडी पट्ट्या खिळ्यांनी ठोकत होता. वरच्या ठोकून झाल्या, तो खाली उतरला, आणि त्याच्या खिशातला फोन वाजला. शेजारीण बोलत होती. वहिनी स्वयंपाकघरात कोसळल्यात, शुद्धीवर आहेत, दवाखान्यात नेतोय, त्यांना लगेच पाठवा. धाकटा "बरं" म्हणाला, फोन खिशात ठेवला आणि पट्ट्या ठोकत राहिला. काम संपलं, थोरला फळीवरून उतरला, तेव्हा सांगितलं.

ते पोचले तेव्हा तिच्या तोंडावर चादर ओढलेली होती. डॉक्टर म्हणाले, तुम्ही आधी आला असतात तरी आमच्या हातात काही नव्हतं. ते त्यानं मान्य केलं. पण शेजारीण डोळे पुसत म्हणाली, "शेवटपर्यंत दाराकडं बघत होत्या हो. सारखं एकच. आले का? आले का?" ते 'आले का' काचवाल्याच्या कानात शिरलं ते बाहेर निघालंच नाही.

दफनाच्या वेळी सगळे मूठ मूठ माती टाकत होते. धाकट्यानं मूठ भरली, तशी थोरल्यानं त्याचं मनगट पकडून झटकलं. "तुझ्या हातची माती तिला नको." माती खड्ड्याच्या बाहेर पडली. पाळक बघत राहिले, लेक बघत राहिली. धाकटा तो रिकामा हात तसाच पुढे धरून थोडा वेळ उभा राहिला आणि निघून गेला. त्यानंतर तो दुकानाची पायरी चढला नाही. फोटोंना चौकटी करणाऱ्या एकाकडे लागला. तळहाताएवढ्या काचा कापायचा. मोठ्या काचेला पुन्हा हात लावला नाही म्हणे.

आता वर्ष होत आलं होतं. येत्या रविवारी तिच्या स्मरणाची प्रार्थना होती आणि त्याच दिवशी प्रभुभोजनही. लेक म्हणाली, "बाबा, आईच्या दिवशी तरी ताट नुसतं पुढं ढकलू नका."

"बघू."

"बघू नका. घ्या."

ते जमेल असं त्याला वाटेना. म्हणून त्यानं दुसरंच काढलं. म्हणाला, खिडकीची काच बदलतो. निदान तो शब्द तरी पाळतो.

तो माप घ्यायला गेला तेव्हा पाळकसाहेब स्वतः बाकं पुसत होते.

"उगवलात म्हणायचं अखेर!"

"रविवारच्या आत बसवतो. पैसे नकोत. तिच्या नावानं देतोय."

"म्हणजे अर्पण."

"तसंच समजा."

पाळकांनी फडकं बादलीत पिळलं. "मग अर्पण आणणाऱ्यानं आधी रुसलेल्या भावाकडं जाऊन यायचं, असं प्रभूनं सांगून ठेवलंय. मी वेगळं काय सांगू?"

काचवाल्यानं टेप गुंडाळली. "म्हणजे काच नको?"

"हवी तर! उपदेश करताना माझ्याही मानेत वारा शिरतो. मी आपलं एवढंच म्हटलं, काच मोठी आहे. एकट्यानं उचलायची नाही."

"मजूर लावतो."

"लावा," पाळक म्हणाले आणि पुढचा बाक पुसायला लागले.

मजूर मिळाला तो रेडिओ. नाव त्याचं दुसरं काही असेल, पण तोंडाची टकळी बंद व्हायची नाही म्हणून सगळे त्याला रेडिओच म्हणत. काचवाल्यानं त्याला निघतानाच दम भरला, "काच हातात असताना बोलायचं नाही."

"छे छे, आपलं तोंड म्हणजे कुलूप," रेडिओ म्हणाला आणि कोपऱ्यापर्यंत गप्प राहिला. मग त्याला रस्त्यावरचा खड्डा दिसला, मग ओळखीचा माणूस दिसला, मग त्याच्या सासऱ्याचं गुडघ्याचं ऑपरेशन आठवलं. काचवाला दात आवळून "डावा, उजवा" करत राहिला. चर्चची पायरी आली. तेवढ्यात रेडिओ काचेपलीकडून, अगदी मायेनं म्हणाला, "तुमच्या मिसेस गेल्या ना हो वर्षामागं? शेवटची भेट तरी झाली का?"

काचवाल्याला पुढचं नीट आठवत नव्हतं. हातात काच होती, मग नव्हती. पायरीवर असा आवाज झाला की पाळक आतून धावत आले. रेडिओ उडी मारून बाजूला झाला होता, कोणाला खरचटलंसुद्धा नाही. पण काचवाला तिथेच उभा, दोन्ही हात काच धरल्यासारखे समोर. नुसता एक प्रश्न. तोही वर्षानंतर. आणि हातांनी त्याला न विचारता सोडून दिलं होतं.

तुकडे गोळा करताना त्याच्या डोळ्यासमोर ते कापडाचं दुकान आलं. आपण फळीवर, हातात पुरुषभर उंचीहून मोठी काच आणि बरोबर तिच्याखाली वाकून खिळे ठोकणारा धाकटा. तेव्हा तो बोलला असता तर? काचवाल्यानं झाडू भिंतीला टेकवला आणि हात धुवायला म्हणून गेला, तो परत आलाच नाही. पाळकांनीच उरलेली काच झाडली.

तो निघाला खरा, पण धाकट्याच्या गल्लीच्या तोंडाशी जाऊन परतला. परत गेला, परत वळला. वाटेत आपल्याच दुकानावरून दोनदा गेला. शिंपी काही बोलणार होता, पण त्याचं तोंड बघून पुन्हा मशिनीवर वाकला. दिवस कलता कलता त्यानं एकदाचे जिने चढून कडी वाजवली.

दार भावजयीनं उघडलं. म्हणाली, "या भाऊजी. बसा म्हटलं असतं, पण तुम्ही बसत नाही म्हणे हल्ली." लेक काकूकडे येऊन सगळं सांगत असणार, हे त्याला तेव्हा कळलं.

धाकटा आतून आला. "काय काम होतं?"

"चर्चची काच बसवायचीय."

"मजूर लावला होतास ना? फोडली म्हणे."

"रेडिओ बोलला मध्येच."

"मग एक ठेवून द्यायचीस. मला द्यायचास तशी."

"अहो, काय हे!" भावजय म्हणाली.

काचवाला उंबऱ्यातच उभा होता. एका पायावरून दुसऱ्या पायावर. मग भडाभडा बोलायला लागला. "तू त्या दिवशी बरोबर केलंस. बोलला असतास तर ती काच तुझ्याच डोक्यात आली असती. मला आज कळलं. वर्षभर मी तुला दोष दिला. माती झटकली तुझ्या हातातली. चुकलो मी." बोलून झाल्यावर त्याला हलकं वाटलं. आता धाकटा जवळ येईल, आणि झालं.

धाकटा जवळ आला नाही. उलट खाली बसला, भिंतीला पाठ लावून.

"बरोबर नाही केलं."

"काय?"

"काच बसली होती, दादा. फोन आला तेव्हा वरच्या पट्ट्या झाल्या होत्या. खाली दोनचार खिळे मारले असते की ती हललीसुद्धा नसती. तुला खाली बोलवता आलं असतं." तो आपल्या हातांकडे बघत होता. "सांगायचा धीर होईना. म्हटलं, ही पट्टी ठोकतो, मग सांगतो. मग म्हटलं, ही एक. गरज नव्हती तिथंही खिळे मारले मी. तू वरून ओरडलास पण. म्हणालास, किल्ला बांधतोयस का रे? आठवतं?"

काचवाल्याला आठवलं. त्या वेळी तो हसलाही होता.

"तेवढ्या वेळात पोचलो असतो का, मला माहीत नाही. कधी वाटतं, असतो. कधी वाटतं, नाही." धाकट्यानं मान वर केली. "आता तुला खरं कारण मिळालं. जा."

काचवाल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हात उगारला जाईल या भीतीनं तो वळला आणि जिना उतरला. रस्त्यावर माणसं त्याला वाट देत होती. 'आले का' हे शब्द कानात ढोलासारखे वाजत होते. ती दाराकडे बघत होती आणि हा खिळे मारत होता. गरज नसलेले खिळे.

चर्चचं दार उघडं होतं. पाळकांनी बघून न बघितल्यासारखं केलं. तो तिच्या जागेवर बसला. चिरेतून वारा मानेवर आला. त्यानं प्रार्थना म्हणायला सुरुवात केली. बसवेना, म्हणून उठून बाकांमधून चालत म्हणू लागला. त्या ओळीपाशी आला आणि नेहमीसारखं तोंड मिटलं. आज तर दुप्पट.

मघाशी सोपं होतं. धाकट्याची चूकच नव्हती म्हटल्यावर क्षमा कसली? तो तर नुसता गैरसमज दूर होणार होता. क्षमा करण्याजोगं खरं आत्ता समोर आलं होतं.

तो चालत चालत वेदीपर्यंत गेला. मागच्या भिंतीवर क्रूस होता, साधा, लाकडाचा, त्याच्या पाहण्यातला. आज त्याची नजर खिळ्यांच्या जागी गेली. प्रभूनं खिळे मारणाऱ्यांसाठीच क्षमा मागितली होती, आणि ते खिळे काही कोणी चुकून मारले नव्हते.  खिळे हातात असतानाच त्यानं मागितली, ते दुखायचे थांबल्यावर नाही.

"मला जमत नाही," काचवाला मोठ्यानं म्हणाला. "सांगतोय तुला. मला जमत नाही. तू कर आणि मला ओढ."

मग ती ओळ त्यानं म्हटली. मनातून आली नाही, नुसती तोंडातून आली, खरखरीत, काचेच्या कडेला भरायची लांबी वाळावी तशी. त्या वेळी त्याच्याकडे तेवढीच होती. म्हटली आणि लगेच निघाला, पुन्हा पाय मागे फिरायच्या आत.

धाकटा जिन्यातच बसलेला होता, दिवा न लावता.

"शनिवारी दुपारी ये," काचवाला खालच्या पायरीवरून म्हणाला. "पावलं तू बोल."

"मी?"

"तू."

धाकट्यानं विचारलं, "माफ केलंस?"

"म्हटलंय तसं देवासमोर. व्हायला वेळ लागेल. राग येतोय अजून. आताही येतोय." त्यानं कठडा धरला. "तुझं काय?"

"मी दर रविवारी ती ओळ म्हणतो, दादा. पण खोटं म्हणतो. माझी मूठ अजून रिकामी आहे."

"ये शनिवारी."

शनिवारी नवी काच दोघांनी उचलली. धाकट्याचा आवाज पहिल्यांदा फुटेचना. मग हळूच आला, "डावा. उजवा." थोरल्याला सवय नव्हती, दोनदा पाऊल चुकलं. काच उभी धरलेली, मध्ये ती आणि दोन्ही बाजूंनी दोघं. तोंड फिरवायची सोय नाही. इतक्या जवळून त्यानं भावाचा चेहरा वर्षभरात पाहिला नव्हता. कानशिलावर केस पिकले होते. शिंपी दुकानाच्या दारात येऊन उभा राहिला आणि त्यालाही नियम ठाऊक असल्यासारखा गप्प राहिला.

चर्चची पायरी आली, तीच. थोरला थांबला. आणि ज्यानं नियम घातला त्यानंच तो मोडला.

"त्या मातीबद्दल मला माफ कर."

धाकट्याचे डोळे भरले, पण हात हलले नाहीत. "काच हातात आहे, दादा," तो म्हणाला. "पायरी. डावा."

जुनी काच काढताना रुमालाची घडी निघाली. थोरल्यानं ती खिशात घातली. नवी काच चौकटीत बसली, त्यानं ती दाबून धरली आणि धाकट्यानं हातोडी घेतली. पहिल्या पट्टीवर खिळा ठेवून तो थबकला. हातोडी उचलेना.

"ठोक," थोरला म्हणाला. "मी धरलंय."

काम संपल्यावर हात न धुताच दोघं मागच्या कब्रस्तानात गेले. कबरीवर गवत आलं होतं. थोरल्यानं वाकून गवत बाजूला केलं, बोटांनी माती उकरली, मूठभर घेतली आणि धाकट्याच्या तळहातावर ठेवली. धाकट्याला ती टाकायला वेळ लागला. टाकली आणि तिथेच बसून लहान मुलासारखा हमसून रडला. थोरला त्याच्या मागे फेऱ्या मारत राहिला. मग त्याच्या शेजारी टेकला.

रविवारी पाळकांनी तिचं नाव घेतलं. बाकावर खिडकीशी काचवाला, मग लेक, मग धाकटा आणि भावजय. मानेवर वारा येत नव्हता. त्याला चुकल्यासारखं झालं. इतके दिवस तो वारा तिच्या बाजूनं यायचा. खिशातला रुमाल त्यानं मुठीत धरला. एक पाय सारखा हलत होता. लेकीनं गुडघ्यावर हात ठेवला, तरी हलतच राहिला.

प्रार्थनेत ती ओळ आली. पलीकडून धाकट्याचा आवाज जरा चढा लागला. काचवाल्याचं तोंड मिटायला लागलं. मग उघडलं.

ताट हातोहात आलं. धाकट्यानं घेतलं, मग लेकीनं धरलं आणि वडिलांपुढे केलं. तिनं ताट सोडलं नाही. काचवाल्याच्या बोटांना अजून लांबीचा वास होता. त्यानं भाकरीचा तुकडा उचलला, तोंडात घातला आणि वर्षात पहिल्यांदा बाकाला पाठ टेकली.